बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं पहिलं वर्ष: प्रॅक्टिकल, जर्नल आणि गुणांचा हिशोब

बारावीनंतर मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात एक गोष्ट जड जाते. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल त्याच दिवशी सुरू होतं आणि त्याच दिवशी संपतं. टायट्रेशन केलं, रीडिंग आलं, गणित मांडलं, सही घेतली की घरी. इथे सोमवारी प्लेट स्ट्रीक करायची, म्हणजे जंतूंच्या अन्नाचा घट्ट थर असलेल्या काचेच्या चपट्या डबीत जंतू रेघा ओढून पसरायचे, ती ३७ अंश सेल्सिअसला २४ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि आपलं बरोबर आलं की फसलं, ते मंगळवारी बघायचं. जंतूंना वाढायला लागणारा वेळ कुणाच्या घाईनं कमी होत नाही. गुणही तसेच, दर आठवड्याला थोडेथोडे जमत जातात. आदल्या रात्री जागून थिअरीचा पेपर कदाचित निघेल, पण लूप, म्हणजे जंतू उचलायची टोकाला कडी असलेली तार, धरणारा हात एका रात्रीत तयार होत नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना संलग्न असलेल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी हे लिहितोय. विद्यापीठ बदललं की पेपरांची नावं आणि गुणांची विभागणी बदलते, स्वायत्त कॉलेजांचं तर आणखी वेगळं असतं. पण लॅबमध्ये तुमच्याकडून काय अपेक्षित असतं, ते पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात आणि नांदेडला जवळपास सारखंच आहे.

पायरी पहिली: सिलॅबसची पीडीएफ उघडा आणि क्रेडिट मोजा

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते. ती पहिल्याच आठवड्यात उतरवून घ्या. पुष्कळ मुलं तिसऱ्या वर्षापर्यंत ती उघडत नाहीत आणि मग 'सरांनी शिकवलं नव्हतं' म्हणतात.

२०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला. पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची, आणि एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट. त्यात तुमचा मेजर विषय, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण असं बरंच काही. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास शिकवणं आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास लॅबमध्ये काम. म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला ६० तास, पंधरा आठवडे धरले तर दर आठवड्याला चार तास. हे चार तास वेळापत्रकात दिसतात. दुसऱ्या दिवशी प्लेट बघायला लागणारा अर्धा तास मात्र कुठेच छापलेला नसतो. तो आधीच धरून चाला, विशेषतः एसटीनं किंवा लोकलनं लांबून येत असाल तर.

ग्रेड दहाच्या मापावर असतात. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे नुसतं पास ४, आणि एफ शून्य. कोणत्या टक्क्यांना कोणती ग्रेड, ते विद्यापीठाच्या नियमावलीत असतं. मिळालेल्या अंकाला त्या कोर्सच्या क्रेडिटनं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. तो झाला एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी.

एक उदाहरण करून बघू. सेमिस्टर २२ क्रेडिटचं आहे. मायक्रोबायोलॉजीची थिअरी ४ क्रेडिट, प्रॅक्टिकल २ क्रेडिट, बाकी १६. थिअरीत आणि बाकी सगळीकडे बी प्लस, म्हणजे ७, मिळाले. प्रॅक्टिकलमध्ये ओ मिळाली तर २८ अधिक २० अधिक ११२, एकूण १६०. भागिले २२, म्हणजे ७.२७. त्याच प्रॅक्टिकलमध्ये बी मिळाली तर बेरीज १५२ आणि एसजीपीए ६.९१. नुसत्या दोन क्रेडिटनं सातच्या वर की खाली, हे ठरलं. आणि वर्षभर नीट काम केलं तर सगळ्यात खात्रीनं गुण मिळतात ते याच दोन क्रेडिटमध्ये.

इंटर्नल आणि एक्स्टर्नल अशी गुणांची वाटणी असते. कुठे ३०:७०, कुठे ४०:६०. पास व्हायला बहुतेक ठिकाणी ४० टक्के लागतात. पण ते दोन्हींत वेगवेगळे लागतात की एकत्र बेरजेत चालतात, हे आपल्या विभागात विचारून घ्या. इंटर्नलमध्ये चाचणी, असाइनमेंट, सेमिनार, कुठे तोंडी परीक्षा, कुठे दूध डेअरीच्या किंवा जलशुद्धीकरण केंद्राच्या भेटीचा अहवाल. या छोट्या गुणांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. हजेरीची अट साधारण ७५ टक्क्यांची असते आणि प्रॅक्टिकलची हजेरी वेगळी मोजतात.

पायरी दुसरी: सामान

पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा सुती एप्रन घ्या. बर्नरजवळ काम असतं आणि सिंथेटिक कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं, म्हणून सुतीच. काचेवर लिहिणारी पेन्सिल किंवा बारीक टोकाचा मार्कर, काडेपेटी, स्लाइड, कव्हर स्लिप, मऊ सुती फडकं, नायक्रोम तारेचा लूप. लूप कॉलेजमध्ये मिळतो, पण स्वतःचा असला तर बरा. दर वेळी तोच हातात आला की वजन आणि लांबी सवयीची होते. दोन वह्या लागतात: एक जर्नल, आणि एक कच्ची वही, जी लॅबमध्ये टेबलावर उघडी राहील. ही कच्ची वही फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

पायरी तिसरी: लॅबमध्ये कसं वागायचं

इथे काही नियम सवलतीशिवाय पाळले जातात. लॅबमध्ये खायचं-प्यायचं नाही, पेन तोंडात धरायचं नाही, केस बांधलेले, ओढणी एप्रनच्या आत, मोबाइल बॅगेत. आल्यावर टेबल जंतुनाशकानं पुसायचं, जाताना पुन्हा पुसायचं, हात साबणानं धुवायचे आणि एप्रन लॅबबाहेर घालून हिंडायचं नाही. एप्रन घालून कँटीनमध्ये वडापाव खाणारी मुलं दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. एप्रन कपडे वाचवण्यासाठी असतो, म्हणजे जे काही सांडतं ते त्याच्यावर असतं.

पिपेट तोंडानं ओढायची नाही, बल्ब किंवा मायक्रोपिपेट वापरायची. स्प्रेडर (प्लेटवर नमुना पसरायची वाकवलेली काचेची कांडी) अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरतो तेव्हा अल्कोहोलचं बीकर बर्नरपासून हातभर लांब हवं आणि पेटता स्प्रेडर पुन्हा त्यात घालायचा नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये आगीचा धोका सगळ्यात जास्त याच क्षणी असतो. कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, सांडलं तर लपवू नका. वर कापूस किंवा टिश्यू टाका, एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओता, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग गोळा करा, आणि बाईंना लगेच सांगा. सांडल्याबद्दल गुण जात नाहीत. न सांगितल्याबद्दल जायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वापरलेल्या प्लेट बेसिनमध्ये धुवायच्या नाहीत, त्या आधी ऑटोक्लेव्ह होतात, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केल्या जातात. पिपेट आणि स्लाइड डिस्कार्ड जारमध्ये. हाताला कापलेलं असेल तर पट्टी आणि ग्लोव्ह. दमा असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा.

आणि लॅबमधल्या मामांशी, ताईंशी नीट वागा. तुमच्या बॅचची मीडिया, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, त्यांनी आदल्या दिवशी तयार केलेली असते: वजन करून, पीएच लावून, १५ पौंड दाबाला १२१ अंशावर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करून. तुम्ही न सांगता दांडी मारता तेव्हा ते सगळं वाया जातं.

पायरी चौथी: हाताची चार कामं

पहिल्या वर्षाच्या यादीत दहा-पंधरा प्रयोग दिसतात, पण खरी कौशल्यं चारच: मायक्रोस्कोप, ग्रॅम स्टेनिंग (जंतू रंगवून त्यांचे दोन गट ओळखणं), स्ट्रीकिंग आणि डायल्युशन (नमुना टप्प्याटप्प्यानं पातळ करणं). बाकी सगळं यांच्यावर उभं आहे.

मायक्रोस्कोपमध्ये नेहमी १०एक्सपासून सुरुवात. आधी तिथे फोकस मिळवा, मग ४५एक्स, मग स्मिअरवर (स्लाइडवर पसरलेल्या जंतूंच्या पातळ थरावर) तेलाचा थेंब आणि १००एक्स. आयपीस, म्हणजे डोळ्याकडची लेन्स, १०एक्सची, म्हणून एकूण मोठेपण १००० पट. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असतो, त्यामुळे प्रकाश हवेत वळून वाया जात नाही. तेलाच्या लेन्सवर असताना मोठा स्क्रू फिरवायचा नाही. स्लाइड फुटते आणि लेन्सही जाते, आणि ती लेन्स महाग असते. रंगवलेली स्लाइड बघताना कंडेन्सर वर आणि डायफ्राम उघडा. हँगिंग ड्रॉपमध्ये, म्हणजे कव्हर स्लिपला लटकलेल्या थेंबात, जंतूंची हालचाल बघताना उलट, प्रकाश कमी करा, नाहीतर रंगहीन पेशी उजेडात दिसतच नाहीत. परीक्षेत मुलं हँगिंग ड्रॉपला अडकतात ते बहुतेक वेळा याच एका कारणानं. काम झालं की लेन्स पुसून ठेवा, पुढच्या बॅचला तुमच्या तेलातून बघायला लागू नये.

ग्रॅम स्टेनिंगवर जरा थांबू, कारण व्हायवात (तोंडी परीक्षेत), स्पॉटमध्ये (मांडलेली वस्तू ओळखण्यात), मुख्य प्रयोगात, सगळीकडे ते भेटतं. हान्स क्रिस्तियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरनं १८८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही जंतूची ओळख पटवताना पहिलं पाऊल तेच असतं. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुवा. ग्रॅम्स आयोडीन एक मिनिट, धुवा. ९५ टक्के अल्कोहोल दहा-वीस सेकंद, लगेच धुवा. सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट, धुवा, वाळवा. जांभळे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम निगेटिव्ह. हे पाठ करायला पाच मिनिटं लागतात. करायला मात्र महिना जातो.

फसतं कुठे? स्मिअर जाड झाला की रंग आतून निघत नाही आणि निगेटिव्ह जंतूही जांभळे दिसतात. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं की पॉझिटिव्ह जंतू गुलाबी होतात. कल्चर दोन-तीन दिवसांचं जुनं असेल तर बॅसिलससारख्या जंतूंच्या भिंती कमकुवत झालेल्या असतात आणि ते मिश्र दिसतात, म्हणून १८ ते २४ तासांचंच कल्चर घ्यायचं. हीट फिक्सिंगला स्लाइड ज्योतीतून दोन-तीनदा पटकन न्यायची. हाताच्या मागच्या बाजूला लावली तर सोसवेल इतपतच गरम. पाणी नळाखाली थेट स्मिअरवर सोडायचं नाही, स्लाइड तिरकी धरून वरच्या कडेवरून वाहू द्यायचं. एक सवय लावून घ्या: त्याच स्लाइडच्या एका टोकाला स्टॅफिलोकॉकस ऑरियस, दुसऱ्या टोकाला ई. कोलाय, आणि मध्ये तुमचा अनोळखी जंतू. टोकं बरोबर रंगली तर मधल्यावर विश्वास ठेवता येतो. परीक्षक ही स्लाइड बघतो तेव्हा तुम्हाला कंट्रोल म्हणजे काय ते कळलंय, हे न बोलता समजतं.

स्ट्रीकिंगमध्ये एकच गोष्ट साधायची असते, सुट्या कॉलन्या, म्हणजे जंतूंच्या वाढीचे वेगवेगळे दिसणारे ठिपके. लूप लाल होईपर्यंत तापवा, मग थंड होऊ द्या. तापलेला लूप कल्चरमध्ये घातला तर जंतू मरतात आणि थेंबही उडतात. पहिला भाग झाला की लूप पुन्हा तापवायचा. पुढच्या भागात पहिल्या भागाच्या कडेला फक्त एक-दोनदा टेकायचं आणि लांब ओढायचं. असे चार भाग. मुलं तापवण्याचा हा टप्पा गाळतात आणि दुसऱ्या दिवशी चारही भागांत सारखी दाट वाढ येते. हात हलका ठेवा, आगर, म्हणजे प्लेटमधला जेलीसारखा थर, खरवडलं जाता कामा नये. प्लेटचं नाव झाकणावर लिहायचं नाही, तळावर कडेला, बारीक अक्षरात: रोल नंबर, कल्चर, मीडियम, तारीख. झाकणं बदलतात, तळ बदलत नाही. प्लेट उलटी ठेवायची, म्हणजे झाकणावरचं पाणी कॉलन्यांवर ठिबकत नाही.

डायल्युशन म्हणजे हाताइतकंच गणित. ९ मिलिलिटर सलाइनमध्ये १ मिलिलिटर नमुना, नीट हलवा, त्यातलं १ पुढच्या नळीत, असं पुढे. प्रत्येक नळीला नवी पिपेट किंवा नवं टोक. पाचवी नळी म्हणजे 'टेन रेज टू मायनस फाइव्ह', एक लाखपट पातळ. त्यातलं ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरलं आणि १४८ कॉलन्या आल्या, तर १४८ गुणिले १० गुणिले १,००,०००, म्हणजे मिलिलिटरला १४ कोटी ८० लाख सीएफयू (कॉलनी तयार करणारे घटक). तो मधला दहा विसरला जातो, कारण ०.१ मिलिलिटर घेतलं होतं हे लिहून ठेवलेलं नसतं. मोजायची ती ३० ते ३०० कॉलन्या असलेली प्लेट. त्याहून कमी असल्या तर योगायोगाचा भाग मोठा होतो, जास्त असल्या तर कॉलन्या एकमेकींत मिसळतात आणि नीट मोजता येत नाहीत.

पायरी पाचवी: दुसऱ्या दिवशी लॅबला जा

हे इतकं साधं आहे, तरी निम्मी बॅच जात नाही. मैत्रीण फोटो पाठवते आणि त्यावरून निरीक्षण लिहिलं जातं. फोटोवरून कॉलनी गुळगुळीत आहे की खरबरीत, लूपनं उचलल्यावर लोण्यासारखी येते की चिकट तार ओढली जाते, उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसते का, हे कळत नाही. कॉलनी कॅरेक्टर्सच्या तक्त्यात नेमकं हेच भरायचं असतं: साइज, शेप, कलर, मार्जिन, एलिव्हेशन, ओपॅसिटी, कन्सिस्टन्सी, आणि शेवटी ग्रॅम नेचर आणि मोटिलिटी. साइज 'स्मॉल' लिहू नका, मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. शनिवारी प्रॅक्टिकल असेल तर रविवारी २४ तास झाल्यावर प्लेट फ्रिजमध्ये कोण ठेवणार, ते आधीच विचारून ठेवा. ४८ तास इन्क्युबेटरमध्ये राहिलेल्या प्लेटचं निरीक्षण २४ तासांचं म्हणून लिहिता येत नाही.

पायरी सहावी: कच्ची वही आणि जर्नल

कच्च्या वहीत जे घडतं ते त्याच क्षणी लिहायचं, पेननं. अल्कोहोल किती सेकंद ठेवलं, मीडियाचा बॅच कोणता, प्लेट किती वाजता ठेवली, किती वाजता काढली. खोडायचं असेल तर एक रेघ मारा, व्हाइटनर नको.

जर्नल त्यावरून उतरतं. उजव्या पानावर पेननं हेतू, साहित्य, तत्त्व, कृती, निष्कर्ष; डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं आकृत्या आणि निरीक्षणाचे तक्ते. जंतूचं नाव हातानं लिहिताना जीनसचं पहिलं अक्षर मोठं, स्पीशीज पूर्ण लहान, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. एकच लांब रेघ दोन्हींखाली ओढली तर चूक धरतात. कृती भूतकाळात लिहा, कारण ते तुम्ही केलेलं काम आहे. सही दर आठवड्याला घ्या. सेमिस्टरच्या शेवटी जर्नल सर्टिफाय झालं नाही तर बहुतेक ठिकाणी प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, आणि त्या आठवड्यात विभागप्रमुखांच्या दारापाशी जी रांग लागते तिच्यात उभं राहायची वेळ येऊ नये.

आता मला जे सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते इथे. फसलेला निकाल फसलेलाच लिहा. स्टॅफिलोकॉकस गुलाबी आला तर 'गुलाबी आला' लिहा आणि खाली कारण लिहा: डीकलरायझेशन (अल्कोहोलनं रंग काढणं) जास्त झालं असावं, किंवा कल्चर जुनं होतं. चांगला शिक्षक याला पूर्ण गुण देतो, कारण यात तत्त्व समजल्याचा पुरावा आहे. सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेला 'बरोबर' निकाल मात्र लगेच ओळखू येतो. एका प्लेटवर १४८ कॉलन्या, पुढच्या डायल्युशनला बरोबर १४.८, हे मी खरंच जर्नलमध्ये पाहिलं आहे. आठ दशांश कॉलनी कुठल्याही प्लेटवर उगवत नाही. खऱ्या प्लेटवर पुढच्या डायल्युशनला १३ येतात, १९ येतात, कधी ९ येतात. तो ओबडधोबडपणाच खऱ्या कामाची खूण आहे. याच मुलांतली काही उद्या औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये किंवा रुग्णालयाच्या लॅबमध्ये बसणार आहेत. तिथे कुणाच्या तरी रक्ताच्या कल्चरचा अहवाल त्यांच्या सहीनं जाईल. न बघितलेलं लिहायची सवय पहिल्या वर्षात लागली तर ती तिथपर्यंत जाते.

काही कॉलेजांत जर्नलचे गुण अक्षर आणि सजावटीवर दिले जातात. मला ते पटत नाही. पण तुमच्या हातात इतकंच आहे की नीटनेटकंही लिहा आणि खरंही लिहा.

पायरी सातवी: प्रॅक्टिकल परीक्षा

ही परीक्षा बहुधा दोन-तीन दिवस चालते, कारण प्लेट उगवायला लागतात. एक मोठा प्रयोग, एक लहान प्रयोग, स्पॉट, व्हायवा आणि जर्नल, अशी साधारण विभागणी असते. पहिल्या दिवशी चिठ्ठी उचलल्यावर लगेच काम सुरू करू नका. आधी तत्त्व आणि कृती लिहून द्यायची असते, आणि ती लिहिताना डोक्यात क्रम लागतो. मग वेळ आखा: इन्क्युबेशनला जाणारं काम आधी, स्टेनिंग नंतर. स्ट्रीकिंग शेवटी ठेवलं आणि वेळ संपली तर दुसऱ्या दिवशी दाखवायला काहीच उरत नाही.

परीक्षक टेबलाजवळून फिरत असतो तेव्हा तो निकालापेक्षा हात बघत असतो. टेस्ट ट्यूबचं तोंड ज्योतीजवळ नेलं का, कापसाचा बोळा टेबलावर ठेवला का करंगळीत धरला, प्लेटचं झाकण पूर्ण उघडलं का. स्लाइड दाखवायची झाली की स्वतः फोकस करून, पॉइंटर नसेल तर मधोमध चांगलं क्षेत्र आणून, मग बोलवा. बोलवल्यानंतर टेबलाला धक्का लागू देऊ नका.

स्पॉटमध्ये ऑटोक्लेव्ह, हॉट एअर ओव्हन, मेंब्रेन फिल्टर, डरहॅम ट्यूब, मॅकॉन्की आगरवरची गुलाबी वाढ, असं काहीतरी असतं. ओळखा, एक उपयोग लिहा, तत्त्व एका ओळीत. तापमान आणि वेळ आकड्यांत लिहा. हॉट एअर ओव्हन १६० अंश, दोन तास. 'जास्त तापमान' लिहून गुण मिळत नाहीत.

व्हायवा म्हटलं की मुलं व्याख्या पाठ करतात. परीक्षक 'काय'पेक्षा 'का' विचारतो. प्लेटसाठी जिलेटिन का नाही? कारण ते ३७ अंशांना पातळ होतं आणि अनेक जंतू ते खातात. आगर वितळायला पाण्याच्या उकळबिंदूजवळची उष्णता लागते आणि ते चाळीस अंशांच्या आसपास घट्ट होतं. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत हे आगर आलं ते फॅनी हेसे यांच्या सुचवण्यावरून, आणि त्यांना ते स्वयंपाकघरातून माहीत होतं. ७० टक्के अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा चांगलं का? जंतूंच्या प्रथिनांची रचना मोडायला पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल उडूनही लवकर जातं. ऑटोक्लेव्हमधली हवा आधी का काढायची? हवा उरली तर काटा १५ पौंड दाखवेल, पण आत १२१ अंश होणार नाहीत. आयोडीन कशासाठी? ते क्रिस्टल व्हायोलेटशी मोठा संयुग करतं आणि पॉझिटिव्ह जंतूच्या जाड भिंतीतून तो सहज बाहेर पडत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे भीती वाटते. उत्तर येत असेल पण इंग्रजी अडत असेल, तर 'सर, मराठीत सांगू का?' असं सरळ विचारा. बहुतेक परीक्षक हो म्हणतात. संज्ञा मात्र इंग्रजीत हव्यात, कारण पुढे सगळं वाचन त्याच शब्दांत असतं. रोज पाच संज्ञा कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, शेजारी अर्थ स्वतःच्या मराठीत. दिवाळीपर्यंत ही अडचण बरीच कमी होते.

थिअरीबद्दल थोडक्यात. दोन गुणांना व्याख्या आणि एक उदाहरण, पाच-सहा गुणांना नावं दिलेली आकृती हवीच. इतिहासाच्या प्रश्नात वर्षं लिहा: जेनर १७९६, कॉख यांचा क्षयाचा जंतू १८८२, फ्लेमिंग १९२८. उत्तरात लॅबमधलं उदाहरण आलं की ते वेगळं उठून दिसतं. निर्जंतुकीकरणावर लिहिताना आपल्या ऑटोक्लेव्हचा क्रम लिहिणारा विद्यार्थी पुस्तकातून उतरवणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

काही राहिलं, बिघडलं तर

आजारी पडलात तर त्याच दिवशी कळवा आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर तो प्रयोग करायला मिळेल का विचारा. पुढच्या आठवड्यात ती मीडिया आणि ताजं कल्चर पुन्हा बनवावं लागतं, म्हणून उशिरा विचारलं तर नाही म्हणणं विभागालाही भाग पडतं. वैद्यकीय प्रमाणपत्र हजेरीसाठी उपयोगी पडतं, पण त्यानं प्रयोग झाला असं होत नाही.

इंटर्नलचे गुण विभागाच्या फलकावर लागतात तेव्हा स्वतः जाऊन बघा आणि चूक असेल तर गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी सांगा. एकदा ते भरले गेले की दुरुस्तीला महिने लागतात. थिअरीच्या पेपरची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. प्रॅक्टिकलला साधारणपणे तशी सोय नसते, दिलेले गुण तेच राहतात. म्हणून परीक्षेच्या प्रत्येक दिवशी हजेरीपत्रकावर सही केली का, उत्तरपत्रिकेवर सीट नंबर नीट लिहिला का आणि दुसऱ्या दिवशीचं निरीक्षण त्याच उत्तरपत्रिकेला जोडलं गेलं का, हे निघण्यापूर्वी तपासा. थिअरीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीनं पुढे जाता येतं, पण प्रॅक्टिकल राहिलं तर लॅबच्या वेळा पुढच्या वर्षाच्या तासांशी भिडतात. तसं झालंच तर पुढच्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात विभागप्रमुखांना भेटा, कोणत्या बॅचबरोबर बसायचं ते ठरवून घ्या आणि तुमच्या नावाची मीडिया त्या यादीत लिहिली गेली आहे का, ते मामांकडे जाऊन बघा.